पीपीटी शिकायचीय, पण सुरुवात कुठून करू? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी दर रविवारी आम्ही पीपीटीचा, म्हणजे पॉवरपॉइंटसारख्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर दाखवायच्या स्लाईड करायला शिकवायचा, एक छोटा वर्ग घेतो, कॉम्प्युटर सात आणि शिकणारे कधी दहा तर कधी वीस. झेडपीचे गुरुजी-मॅडम असतात, बीएडची मुलं असतात, बचत गटाच्या ताया येतात, सेमिनार तोंडावर आला म्हणून धावत आलेली कॉलेजची पोरं असतात, एकदा दूध डेअरीचे एक काका वार्षिक सभेत हिशोब दाखवायचाय म्हणून आले होते. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे लिहून काढतेय. एक गोष्ट सगळ्या उत्तरांमध्ये परत परत येईल, ती म्हणजे शेवटच्या बाकावर बसलेला माणूस. त्याला दिसलं पाहिजे, त्याला कळलं पाहिजे. बाकी बटणं काय, दोन रविवारात पाठ होतात.

पॉवरपॉइंट विकतच घ्यावं लागतं का?

नाही. लिब्रेऑफिसमधलं इम्प्रेस पूर्ण फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, शाळेतल्या जुन्या मशीनवरही चालतं. गुगल स्लाईड्स जीमेल असलेल्या कुणालाही मिळतं, ब्राउझरमध्येच उघडतं, दोघातिघांना एकाच फाईलवर एकाच वेळी काम करता येतं, गटाने प्रोजेक्ट करणाऱ्यांना ते फार सोयीचं. आणि मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं तर ब्राउझरमधलं पॉवरपॉइंटही फुकट वापरता येतं, त्यात काही सोयी कमी असतात पण शिकायला भरपूर आहे.

तुमच्या समोरच्या मशीनवर जे आहे त्यावर शिका. स्लाईड घालणं, मजकूर, फोटो, तक्ता, शो चालवणं, हे सगळीकडे जवळपास सारखंच असतं. इम्प्रेसचे मेनू मराठीतही करता येतात, पण मी इंग्रजीच ठेवायला सांगते, कारण उद्या ऑफिसात किंवा ट्रेनिंगला गेलात की तिथल्या मशीनवर इंग्रजीच असणार आणि मग ‘इन्सर्ट’ कुठे गेलं म्हणून शोधत बसावं लागतं. इम्प्रेसमध्ये केलेली फाईल दुसऱ्याला द्यायची असेल तर सेव्ह ॲजमध्ये जाऊन पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटचा फाईल प्रकार) निवडा, नाहीतर ती ओडीपी (इम्प्रेसचा स्वतःचा प्रकार) म्हणून सेव्ह होते आणि समोरच्याकडे उघडताना मांडणी हलू शकते.

कोरी स्लाईड समोर आली की काहीच सुचत नाही. पहिलं काय करू?

लॅपटॉप मिटा आणि वहीचं पान घ्या. खरंच सांगतेय. वर एक ओळ लिहा की माझं ऐकून माणूस घरी जाताना काय लक्षात ठेवून जावा. ती ओळ लिहिता येत नसेल तर अजून विषयच पक्का झालेला नाही, मग स्लाईडचा रंग निवडण्यात अर्धा तास गेला तरी हाताला काही लागत नाही. ती ओळ जमली की खाली सहा-आठ चौकोन काढा, प्रत्येक चौकोनात फक्त एक मुद्दा. मग मशीन उघडा.

आता कंट्रोल एम दाबलं की नवी स्लाईड येते. तिच्यावर ‘इथे टायटल लिहा’ असे जे तुटक रेघांचे चौकोन असतात ना, त्यातच लिहायची सवय लावा. नवीन शिकणारे जवळजवळ सगळे ते चौकोन डिलीट करून स्वतःचा टेक्स्ट बॉक्स घालतात, दिसायला सारखंच दिसतं, पण मग पुढे एका ठिकाणी फॉन्ट बदलून सगळीकडे बदलायची सोय हातची जाते आणि पंचवीस स्लाईड एकेक करून दुरुस्त कराव्या लागतात.

एका स्लाईडवर किती लिहायचं?

सहा ओळी लिहा, सात शब्द लिहा असे नियम तुम्ही ऐकले असतील, मी ते शिकवत नाही. मी एवढंच बघते की या स्लाईडवर मुद्दा एकच आहे ना.

पापडाचा बचत गट चालवणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या होत्या, बँकेत कर्जासाठी माहिती सांगायची होती. त्यांनी एकच स्लाईड केलेली, तिच्यावर अकरा ओळी. गट कधी सुरू झाला, सदस्य किती, उडीद कुठून आणतो, दर काय, पावसाळ्यात काय अडचण येते, मशीन कोणतं हवंय, किती पैसे लागतील, सगळं त्यातच. एकही ओळ खोटी नव्हती की फालतू नव्हती, पण त्या मोठ्याने वाचायला लागल्या की ऐकणाऱ्याचं लक्ष कधी पडद्यावर तर कधी त्यांच्याकडे, आणि माणूस वाचण्यात त्यांच्या पुढे निघून जायचा. आम्ही बसून त्याच्या चार स्लाईड केल्या. पहिलीवर गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा त्यांच्याच मोबाईलमधला फोटो, पूर्ण स्लाईडभर, वर फक्त गटाचं नाव. दुसरीवर एकच ओळ, ‘पावसाळ्यात ४ महिने काम बंद’. तिसरीवर ड्रायरचा फोटो आणि ‘ड्रायर आला तर बाराही महिने काम’. चौथीवर फक्त रक्कम, मोठ्या अक्षरात. उरलेले सगळे आकडे त्यांनी कागदावर छापून नेले आणि साहेबांच्या हातात दिले. तालमीत त्या पहिल्यांदाच पडद्याकडे न बघता बोलल्या, कारण वाचायला काही नव्हतंच आणि सांगायचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, रोजचंच काम त्यांचं.

अक्षर केवढं ठेवू?

मराठीला इंग्रजीपेक्षा जरा मोठं लागतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात, त्यामुळे त्याच आकड्यात मूळ अक्षर लहान दिसतं. वर्गात किंवा सभागृहात दाखवायचं असेल तर मी मजकूर २८ च्या खाली जाऊ देत नाही आणि टायटल ४० च्या पुढे ठेवते. ओळींमधलं अंतरही थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन चिकटतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, तुम्ही जास्त लिहीत गेलात की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षर बारीक करत जातं, त्याला ऑटोफिट म्हणतात. तुम्हाला वाटतं मावलं, पण ते बारीक होऊन मावलेलं असतं. बॉक्सच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून ते बंद करता येतं, आणि मग मजकूर बाहेर सांडला की समजायचं, स्लाईड दोन करायची वेळ झाली.

तपासायची सोपी पद्धत म्हणजे लॅपटॉपवर शो चालू करायचा आणि उठून सहा-सात पावलं मागे जायचं. वाचता आलं तर ठीक.

माझ्याकडे मराठी बरोबर दिसतं, दुसऱ्या मशीनवर गेलं की सगळा गिचमिड मजकूर. असं का होतं?

हा प्रश्न दर रविवारी येतो आणि याच्यापायी लोकांची फार मेहनत वाया जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मराठी टायपिंग दोन जातीचं असतं. जुन्या पद्धतीत, म्हणजे कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट वगैरे, फाईलमध्ये खरं तर मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर आहे म्हणून तुम्हाला ‘शाळा’ दिसतं, दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नाही म्हणून तिथे आतलं खरं सामान उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’चा ०९१५, आणि तो जगातल्या सगळ्या मशीनवर तोच. त्यामुळे फॉन्ट बदलला तर वळण बदलेल पण ‘क’चा ‘क’च राहील.

म्हणून नवीन काहीही टाईप करायचं ते युनिकोडमध्येच. विंडोजमध्ये लँग्वेज सेटिंगमधून मराठी ॲड करा, मग विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सुरुवातीला अवघड वाटतो पण महिनाभरात बोटं बसतात, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला अशी त्याची सरळ रचना आहे. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगनेच टाईप करायचंय त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आलाय. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला ऱ्य इन्स्क्रिप्टवर येत नाही म्हणून पुष्कळ जण अडतात, तिथे शिफ्ट जे दाबून नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. आणि जुन्या फॉन्टमधल्या फाईली असतील तर कन्व्हर्टर मिळतात, पण बदलून झाल्यावर एकदा पूर्ण वाचून काढा, जोडाक्षरांत आणि रफारात चुका राहतात.

मग फॉन्ट कोणता वापरू?

विंडोजवर निर्मला यूआय असतो, काही न करता चालतो. मंगलही पुष्कळ विंडोज मशीनवर असतो पण मोठ्या पडद्यावर तो मला हडकुळा वाटतो. माझा आवडता फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta), ‘एक टाईप’ (Ek Type) नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला, गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, बारीकपासून ठळकपर्यंत सगळी वजनं मिळतात, आणि टायटलला बालू २ छान गोलगोल दिसतो, लहान मुलांच्या वर्गाला तर फारच. दोनपेक्षा जास्त फॉन्ट एका पीपीटीत नकोत.

बाहेरून घेतलेला फॉन्ट असेल तर पॉवरपॉइंटमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘एम्बेड फॉन्ट्स’वर टिक करा म्हणजे फॉन्ट फाईलच्या पोटात जातो. इम्प्रेसमध्ये एक वेगळीच गंमत आहे, तिथे मराठीसाठी फॉन्टची जागाच निराळी असते, फॉरमॅटमधल्या कॅरेक्टरमध्ये गेलं की ‘कॉम्प्लेक्स’ नावाचा भाग दिसतो, मराठीचा फॉन्ट तिथे बदलायचा. वरवर फॉन्ट बदलूनही अक्षर हलत नाही असं ज्यांना होतं त्यांचं नव्वद टक्के वेळा हेच असतं.

स्लाईड मास्टर म्हणजे काय? शिकणं गरजेचं आहे का?

गरजेचं आहे, आणि पहिल्याच महिन्यात शिका. व्ह्यूमध्ये जाऊन स्लाईड मास्टर उघडा, डावीकडे सगळ्यात वर जी मोठी स्लाईड दिसते ती आई, खालच्या तिच्या लेकी. आईचा फॉन्ट बदलला, शाळेचा लोगो कोपऱ्यात लावला, की सगळ्या स्लाईडना तो लागतो. काम झालं की क्लोज मास्टर व्ह्यू. लोगो प्रत्येक स्लाईडवर कॉपी-पेस्ट करत बसणाऱ्यांना हे दाखवलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

फोटो टाकला की माणसं जाडी किंवा लांबट का दिसतात?

कडेच्या मधल्या ठिपक्याने ओढता म्हणून. कायम कोपऱ्याच्या ठिपक्याने ओढायचं. जागेत बसत नसेल तर क्रॉप करा, म्हणजे नको त्या कडा कापा, दाबून बसवू नका.

फाईल ऐंशी-शंभर एमबीची झाली, मेलने जात नाही, हेही फोटोंमुळेच होतं. मोबाईलचा फोटो फार मोठा असतो, स्लाईडला एवढा लागत नाही. फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमधलं कॉम्प्रेस पिक्चर्स वापरा, आणि तिथेच क्रॉप केलेला भाग डिलीट करायचा पर्याय टिक करा, कारण नुसतं क्रॉप केल्याने कापलेला भाग जात नाही, आत लपून राहतो. ही गोष्ट फाईलच्या साईझसाठी तर आहेच पण खासगीपणासाठीही, कुणाचं आधार कार्ड अर्धं कापून टाकलंत तरी दुसरा माणूस क्रॉप उलटा करून ते पूर्ण बघू शकतो.

आणि फोटो शक्यतो स्वतःचे काढा. तुमच्या गावचा ओढा, तुमच्या शाळेचं मैदान, ते मुलांना गुगलवरच्या परदेशी नदीपेक्षा जास्त कळतं. बाहेरचे घ्यायचेच तर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या, फोटोखाली लायसन्स काय आहे ते वाचा आणि काढणाऱ्याचं नाव द्या.

ॲनिमेशन किती वापरायचं?

मुद्दा एकेक करून उघडायचा असेल तिथे ‘अपिअर’ किंवा ‘फेड’ पुरतं. गणित सोडवताना पायरी पायरीने ओळ येणं, पाण्याचं चक्र दाखवताना आधी बाष्पीभवनाचा बाण मग ढगाचा बाण येणं, तिथे ॲनिमेशनचा खरा उपयोग आहे आणि तिथे जरूर करा. अक्षरं गिरक्या घेत येण्याने मुलं दोन स्लाईडपुरती हसतात आणि मग पुढचं अक्षर कसं येईल तेच बघत बसतात. ट्रान्झिशन म्हणजे एका स्लाईडवरून दुसरीवर जाताना होतं ते, ॲनिमेशन म्हणजे स्लाईडच्या आतलं, या दोन टॅबमध्ये गोंधळू नका.

एक्सेलचा तक्ता जसाच्या तसा चिकटवला तर चालेल?

नाही चालणार. वीस आडव्या ओळी आणि आठ उभे रकाने शेवटच्या बाकावरून मुंग्यांसारखे दिसतात. डेअरीच्या काकांना बारा महिन्यांचं दूध संकलन दाखवायचं होतं, आम्ही साधा उभ्या खांबांचा चार्ट केला, अकरा खांब करडे आणि ज्या महिन्यात संकलन पडलं तो एकच लाल. खांबावर दोनदा सावकाश क्लिक केलं की तेवढाच एक निवडला जातो, मग फिलने रंग बदलायचा. पूर्ण तक्ता छापून सभासदांना वाटला.

प्रोजेक्टर जोडला तरी पडद्यावर काहीच येत नाही, काय करू?

विंडोज आणि पी दाबा. डुप्लिकेट निवडलं तर दोन्हीकडे सारखं दिसतं, एक्स्टेंड निवडलं तर प्रेझेंटर व्ह्यू वापरता येतो, म्हणजे पडद्यावर स्लाईड आणि तुमच्या लॅपटॉपवर नोट्स, पुढची स्लाईड आणि घड्याळ. नवशिक्यांनी आधी डुप्लिकेटच ठेवावं. जुन्या प्रोजेक्टरला निळी व्हीजीए वायर लागते आणि नव्या लॅपटॉपला ते भोकच नसतं, तेव्हा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर पिशवीत ठेवा. एचडीएमआयने जोडल्यावर व्हिडीओचा आवाज गायब झाला तर तो प्रोजेक्टरकडे गेलेला असतो, खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट बदला.

कडा कापल्या किंवा वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तर स्लाईडचा आकार बघा. हल्ली नवीन फाईल १६:९ मध्ये उघडते, जुने प्रोजेक्टर ४:३ चे असतात. डिझाईनमध्ये स्लाईड साईझ आहे, पण ते सुरुवातीलाच ठरवा, शेवटी बदललं की सगळी मांडणी हलते.

आणि उजेड. आपल्या शाळांत खिडक्यांना पडदे क्वचितच असतात. उजेडाच्या खोलीत पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी आणि काळी-गडद निळी अक्षरं दिसतात, काळ्या पार्श्वभूमीवरची पिवळी अक्षरं तिथे धुऊन निघतात.

शो चालू असताना उपयोगी पडणारी बटणं कोणती?

एफ ५ ने पहिल्यापासून सुरू, शिफ्ट एफ ५ ने आहे त्या स्लाईडपासून. बी दाबलं की पडदा काळा होतो, परत बी दाबलं की स्लाईड येते, आणि हे बटण मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण कुणी चांगला प्रश्न विचारला की पडदा काळा करून माणसाकडे बघून बोलता येतं. कुणी म्हणालं सातवी स्लाईड परत दाखवा, तर ७ टाईप करून एंटर. शो संपवायला एस्केप.

यूट्यूबचा व्हिडीओ लावला होता, कार्यक्रमात चाललाच नाही.

तो लिंकने लावलेला होता, तिथे नेट नव्हतं. इन्सर्टमधून मशीनवरची व्हिडीओ फाईलच घातली तर ती पॉवरपॉइंट २०१० पासून फाईलच्या आत साठवली जाते. स्वतः मोबाईलवर काढलेला एक मिनिटाचा व्हिडीओ बहुतेक वेळा पुरतो.

फक्त मोबाईल आहे, शिकता येईल?

येईल. गुगल स्लाईड्सचं ॲप घ्या, मराठीत बोलून टाईप करा, फोटो थेट कॅमेऱ्यातून घाला. मजकुराची तयारी पूर्ण होते, बारीक मांडणी मात्र एकदा मोठ्या स्क्रीनवर बसून करा.

याला स्लाईड का म्हणतात? मुलं विचारतात.

मुलांना जरूर सांगा. पूर्वी फोटोच्या ३५ मिमी फिल्मच्या छोट्या चौकटी प्रोजेक्टरमध्ये सरकवून दाखवायच्या, ती स्लाईड. आणि प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर लिहून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचे, आमच्या डीएडच्या काळात तेच होतं. पॉवरपॉइंट पहिल्यांदा १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलं, फोरथॉट नावाच्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी केलेलं, आणि सुरुवातीला त्याचं मुख्य काम असे पारदर्शक कागद छापायला तयार करून देणं हेच होतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली, विंडोजवर ते १९९० मध्ये आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी काय काय बरोबर न्यायचं?

फाईल तीन ठिकाणी ठेवा, पेन ड्राईव्हवर, स्वतःच्या मेलवर आणि मोबाईलमध्ये. शिवाय तिचीच एक पीडीएफ करून घ्या, पीडीएफमध्ये ॲनिमेशन राहत नाही पण अक्षर हलत नाही. फाईलच्या नावात तारीख घाला म्हणजे आयत्या वेळी जुनी उघडत नाही. लाईट गेली तर हातात काहीतरी हवं म्हणून प्रिंटमध्ये हँडआउट निवडून एका पानावर सहा स्लाईड अशी एक छापील प्रत जवळ ठेवा, मी स्वतः अशा प्रतीवरून पूर्ण तास घेतलाय, खिडकीजवळ उभं राहून. कन्व्हर्टर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि लॅपटॉपचा चार्जर पिशवीत. आणि अर्धा तास आधी पोचा, पहिली स्लाईड पडद्यावर लावा आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसून वाचून बघा, नाही दिसलं तर अक्षर मोठं करायला अजून वेळ असतो.